उंबऱ्याच्या आतल्या चपला

दोडव्वाच्या घरात चपलांना दोन जागा होत्या. घरच्या माणसांच्या चपला उंबऱ्याच्या आत, शिलाई मशीनच्या उजव्या हाताला, एका लाकडी खोक्यावर. आल्यागेल्याच्या बाहेर, पायरीच्या कडेला. यात मानापमान काही नव्हता. भवानी पेठेतल्या आमच्या बोळात कुत्री फार, ती चपला पळवायची, आणि पाहुणा काही फार वेळ बसत नाही, एवढाच त्यातला विचार. मी तेरा वर्षांची असताना दुधनीहून तिथे राहायला आले, तेव्हा माझ्या चपला पहिले अकरा दिवस बाहेर होत्या. बाहेर ठेव असं कुणी म्हणालं नव्हतं, आणि आत ठेव असंही कुणी म्हणालं नव्हतं. बाराव्या दिवशी कुत्र्यानं एक चप्पल बोळाच्या तोंडापर्यंत नेली. दोडव्वा मशीनवरून उठली, जाऊन ती घेऊन आली, नळाखाली धुतली आणि दोन्ही चपला आत खोक्यावर ठेवल्या. "हितं ठेवत जा की," एवढंच म्हणाली आणि पुन्हा शिवायला बसली.

दोडव्वा म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. आमच्याकडे घरात कानडी आणि दाराबाहेर मराठी, म्हणून आई ती अव्वा आणि मोठी मावशी ती दोडव्वा. आई गेल्यावर वर्षाच्या आत अप्पांनी दुसरं लग्न केलं आणि सोलापुरात शाळा चांगली असं सांगून मला तिच्याकडे आणून सोडलं. एक रविवार आड येईन, म्हणाले. दुधनी काही लांब नाही, पॅसेंजरनं तास-सव्वा तास. पहिलं वर्ष बऱ्यापैकी आले, मग सणावाराला आले, मग त्यांना मुलगा झाला. मी तक्रार करत नाही. पुढं जे सांगायचं आहे त्यासाठी हे माहीत असलेलं बरं, म्हणून लिहिलं. रविवारी मी पायरीवर बसायचे. गाडीची वेळ झाल्यावर पाऊण तास जाऊ द्यायचे, आणि मग उठून धुणं घ्यायचे.

दोडव्वाला मूलबाळ नव्हतं आणि नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. कारखान्यातून टॉवेलांचे गठ्ठे यायचे, त्यांच्या कडा दुमडून शिलाई मारायचं काम ती घरी करायची. शेजारी नरसम्माच्या घरात दोन माग होते. मधली भिंत एकच, त्यामुळे त्या मागांची खटखट आमच्या फळीवरच्या भांड्यांतून ऐकू यायची. वीज गेली की माग थांबायचे आणि आमचं पायानं चालवायचं मशीन तेवढं उरायचं. तेव्हा लक्षात यायचं, की हे घर किती गप्प आहे. दोडव्वा वाईट नव्हती, तिला बोलायची सवय नव्हती. सकाळी ती ज्वारीच्या भाकरी थापायची, त्यातल्या उरतील त्या तव्यावर कडक करून डब्यात भरायची. दुपारी कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही, संध्याकाळी गरम भाकरी आणि आमटी. टॉवेलांचा तंतू सगळीकडे उडायचा, अंथरुणात, केसांत, आमटीवरसुद्धा. तो बोटानं काढून टाकायचा आणि जेवायचं. आम्ही दोघी दिवसाला वीस-पंचवीस वाक्यं बोलत असू. त्यातली निम्मी पाण्याबद्दल, कारण नळाला पाणी कधी येणार हे सोलापुरात बोलावंच लागतं.

अशा घरात लहान मुलं का आणली, हे दोडव्वानं कधी सांगितलं नाही. मी दहावीत असताना एक दिवस देशमाने बाई लुनावरून आल्या. शिशुगृहाच्या कार्यकर्त्या. अनाथ, सोडून दिलेली, आईबापांना सांभाळणं जमत नसलेली मुलं त्यांच्या संस्थेत असत. त्यातल्या काहींना पुढची सोय होईपर्यंत एखाद्या घरी ठेवायचं, असं चाललं होतं. दत्तक नाही, नुसतं सांभाळणं. देशमाने बाईंनी घर पाहिलं, संडास पाहिला, नरसम्माला दोन प्रश्न विचारले आणि महिन्याभरात पहिलं मूल आलं. ते सहा महिने राहिलं आणि दत्तक गेलं. दुसरं आलं, त्याची आई बरी होऊन त्याला घेऊन गेली. मुलं जायची त्या दिवशी दोडव्वा नेहमीपेक्षा एक गठ्ठा जास्त शिवायची. तिसरी मंगल.

मंगल आली ती मी बारावीत असताना, संक्रांतीनंतर. साडेचार वर्षांची, अंगानं बारीक, डोक्याचे केस बारीक कापलेले. जन्मल्यापासून संस्थेतच होती. त्या वर्षी आलेल्या मुलांची नावं 'म'वरून ठेवायची पाळी होती, म्हणून ती मंगल. 'ल'ची पाळी असती तर लता झाली असती, असं देशमाने बाई हसत म्हणाल्या. मंगलही हसली. ती सगळ्याच गोष्टींना हसायची. दोडव्वानं तिच्या रबरी स्लिपर त्याच दिवशी आत खोक्यावर ठेवल्या. हे माझ्या लक्षात आलं, आणि अकरा दिवस आठवले, हेही सांगून टाकते.

तिला काय येत नव्हतं त्याची यादी फार मोठी होती. भाकरी पिठाची होते हे तिला माहीत नव्हतं. तिनं अन्न नेहमी मोठ्या पातेल्यातून वाढलेलं पाहिलं होतं. घरात दुकानातून वस्तू येतात, दाराला आतून कडी लागते, दिवा आपण लावायचा असतो, हे सगळं नवीन. पहिल्या दिवशी तिच्यासमोर ताट ठेवलं तर ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. संस्थेत पन्नास ताटं वाढून झाल्यावर श्लोक आणि मग जेवण. आपण तिघीच आहोत, आणखी ताटं यायची नाहीत, हे तिला पटायला आठवडा गेला. 'माझं' हा शब्द तिला वापरता यायचा नाही. कपडे तिथं सगळ्यांचे मिळून असत; सकाळी गठ्ठ्यातून हाताला येईल तो फ्रॉक. मी तिच्या दोन फ्रॉकवर आतून लाल दोऱ्यानं फुली घातली आणि हे तुझं म्हणून दाखवलं. ती नम्रपणे हो ताई म्हणाली. बाईमाणूस दिसलं की ताई. मी ताई, दोडव्वा ताई, नरसम्मा ताई, बांगड्या विकायला आलेली बाईही ताई.

माझी बारावीची परीक्षा झाली होती. मिरजेला नर्सिंगचा फॉर्म भरून ठेवला होता आणि निकालापर्यंत मला काही काम नव्हतं. जूनमध्ये मंगलला बालवर्गात घालायचं होतं. त्यात देशमाने बाईंनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती. मूल घरात रुळलं, शाळेत रुळलं, तर मुलांबद्दल ठरवणारी समिती त्याला त्याच घरी राहू देते. नाहीतर सहावं लागायच्या आत मोठ्या मुलींच्या वसतिगृहात जावं लागतं, आणि ते दुसऱ्या जिल्ह्यात होतं. तेव्हा शाळा महत्त्वाची. ही तयारी मी अंगावर घेतली. आज असल्या मुलांसाठी तक्ते निघालेत, पुस्तकं निघालीत, प्रशिक्षणं होतात. माझ्याकडे जुन्या टॉवेलांच्या रंगीत पट्ट्या होत्या आणि चिंचोके होते. त्यावर मंगल रंग आणि आकडे तीन आठवड्यांत शिकली. बटण लावणं, डब्याचं झाकण उघडणं, शी-शूला जायचं आहे हे आधी सांगणं, नाक पुसणं, पूर्ण नाव सांगणं. ती हुशार होती. मी शिकवायचे, ती शिकायची, आणि मला वाटायचं, आपलं काम चोख आहे.

एप्रिलच्या सुरुवातीला तिला शाळेत दाखवायला नेलं. बालवर्गाच्या बाई वयस्क होत्या, चष्म्यावरून बघायच्या. त्यांनी नाव विचारलं, रंग विचारले, पाच चिंचोके मोजायला सांगितले. मंगलनं सगळं केलं. बाई खूश झाल्या. मी फॉर्मवर सही करायला वाकले, ती करून वर बघते तर मंगल नाही. दुसरी एक बाई आपल्या मुलीला घेऊन निघाली होती. तिचा एक हात मोकळा होता, मंगलनं तो धरला आणि तिच्याबरोबर चालायला लागली. कोपऱ्यावरच्या रसवंतीपर्यंत गेल्यावर त्या बाईच्या लक्षात आलं, की आपल्याकडे दोन मुली आहेत. मी धापा टाकत पोचले तेव्हा ती रसवाल्याला विचारत होती, ही कुणाची हो? मंगल तिच्याकडे बघून हसत होती. मला बघून तेवढंच हसली. तेवढंच. कमी नाही, जास्त नाही.

परत आणल्यावर शाळेच्या बाईंनी फॉर्म माझ्यासमोर बाजूला सरकवला. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "हिला रंग येतात, आकडे येतात. आपलं माणूस कोणतं ते येत नाही. सुटताना फाटकात मी चाळीस मुलं सोडते. मूल ज्याच्याकडे धावतं त्याच्या हातात देते. ही कुणाकडेही जाईल, मग मी काय करू?" जूनमध्ये परत आणा, तोवर शिकवा, नाही जमलं तर मला घेता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. त्यांचं चूक नव्हतं. आज मी वॉर्ड सांभाळते, मूल कुणाच्या ताब्यात देतो याची सही घेतल्याशिवाय मीही कुणाला सोडत नाही.

घरी येऊन मी दोडव्वाला सांगितलं. तिनं मशीन थांबवलं नाही. कड संपेपर्यंत शिवलं, दोरा तोडला आणि म्हणाली, "तिला रडता येत न्हाय. आदी रडायला शिकवाय पायजे." मला ते तेव्हा विचित्र वाटलं. चार दिवसांनी कळलं. मी नळावर गेले, दुकानात गेले, अंगणात दोन तास दिसले नाही, तरी मंगल काही विचारायची नाही. माणसं जातात, दुसरी येतात, पाळी बदलते. संस्थेत तसंच होतं. जिची वाट बघायची असं कुणी नसेल तर रडायचं कशाला?

चपलांचं मला सुचलं. एका दुपारी मी माझ्या चपला खोक्यावरून काढल्या आणि तिच्या मांडीत दिल्या. सांगितलं, या माझ्या, या सांभाळ, मी चपला सोडून कुठं जात नाही, तेव्हा मी येणारच. आणि अनवाणी नरसम्माच्या दारापर्यंत गेले आणि आले. दुसऱ्या दिवशी नळापर्यंत. मग पिठाच्या गिरणीपर्यंत. एप्रिलमधलं सोलापूर. दुपारी रस्ता पायाला चिकटायचा. सावलीतून सावलीत उड्या मारत जायचे. कुठल्या घराचा पत्रा किती पुढे आलाय, कुठल्या वेळी कडुनिंबाची सावली कुठं पडते, भवानी पेठेतल्या सगळ्या सावल्या मला तेव्हा पाठ झाल्या होत्या. नरसम्मा माग थांबवून दारात यायची आणि म्हणायची, एवढी शिकलेली पोरगी, चपला घरात ठेवून नाचत का जाते? पण दुसऱ्या जोडात गेले तर फसवणूक झाली असती. मंगल सगळं बघायची. परत आले की मी तिच्यासमोर चपला पायात घालायचे आणि तिला म्हणायला लावायचे: नंदाताई आली.

पंधरा दिवस काही झालं नाही. मग एकदा गिरणीत लाइन होती, मला उशीर झाला. येऊन बघते तर मंगल उंबऱ्यात बसलेली, चपला पोटाशी धरलेल्या, आणि तोंड वाकडं करून रडतेय. आवाज नव्हता, नुसतं पाणी. दोडव्वा मशीनवर होती. "अर्धा तास झाला," म्हणाली. "मी जवळ घेतलं तर येत न्हाय." तिच्या आवाजात जरा आनंदही होता आणि जरा दुसरं काही होतं. नंतर भाकरी थापताना ती पुढचं बोलली. "नंदे, ह्ये तू कराय नगो व्हतंस. तू तर जाणार हाईस. मी राहणार हाय. मला करू द्यायचं व्हतं."

ती बरोबर होती आणि हे मला आधीपासून माहीत होतं. इथं मी खरं सांगते. दोडव्वाच्या चपला खोक्यावर माझ्या शेजारीच असायच्या. त्या मंगलच्या मांडीत देता आल्या असत्या. मी दिल्या नाहीत. दार उघडताना कुणीतरी आपल्यासाठी बसलेलं आहे, हे मला त्या घरात चार-पाच वर्षांत पहिल्यांदाच मिळत होतं, आणि ते सोडायची माझी तयारी नव्हती. फॉर्म भरलेला होता, निकाल येणार होता, मिरजेला जावं लागणार होतं, आणि तरीही मी रोज चपला तिच्या मांडीत ठेवत होते.

जूनमध्ये शाळेच्या बाईंनी मंगलला घेतलं. सुटताना फाटकाबाहेर बायकांची गर्दी, मंगल एका बाजूनं खाली वाकून वाकून बघत यायची आणि सरळ माझ्याकडे धावायची. मला कधी आवाज द्यावा लागला नाही. बाई चष्म्यावरून बघून मान हलवायच्या. डब्यात शेंगापोळी दिली की ती अर्धी परत आणायची, ही नंदाताईची म्हणून. ते दिवस चांगले होते. पाच आठवडे होते.

निकाल आला, मार्क पुरेसे होते आणि मिरजेहून पत्र आलं, दहा दिवसांत हजर व्हा. अप्पांना पत्र टाकलं, त्यांचं उत्तर आलं की छान झालं, निघताना भेटून जा. दोडव्वानं पत्र हातात घेतलं, तिला मराठी वाचता येत नसे, तरी वरून खालपर्यंत बघितलं आणि परत दिलं. उद्यापासून शाळेत मी जाते, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोडव्वा गेली आणि मी घरी थांबले. शाळा सुटून तास झाला तरी दोघी आल्या नाहीत. शेवटी शाळेच्या शिपाईमावशी मला बोलवायला आल्या. वर्गात मंगल बाकाखाली जाऊन बसली होती. दोडव्वा जमिनीवर बसून हळूहळू बोलत होती. मंगल भिंतीकडे तोंड करून होती. ज्या बाईबरोबर ती सहा महिने राहिली, जिच्या हातची भाकरी खाल्ली, तिच्याबरोबर जायला तयार नव्हती. मी दारात आल्याबरोबर बाहेर आली आणि माझा हात धरला. शाळेच्या बाई थकून म्हणाल्या, "आधी कुणाबरोबरही जायची. आता कुणाबरोबरच जात नाही." त्याच आठवड्यात देशमाने बाईही आल्या होत्या. त्या मला रागावल्या नाहीत, हे जास्त वाईट होतं. शाळेनं नाव काढलं तर दिवाळीआधी समितीपुढे विषय येईल, मग माझ्या हातात काही नाही, एवढं सांगून त्या गेल्या.

नऊ दिवस उरले होते. आम्ही दोघी रोज जायचो, मी मागे राहायचे, दोडव्वा पुढे व्हायची. मंगल दोडव्वाला ओलांडून माझ्याकडे यायची. घरी दोडव्वाच्या चपला मांडीत दिल्या तर मंगल त्या उचलून खोक्यावर नीट लावायची आणि माझ्या घेऊन बसायची. पाचव्या दिवशी घरी येताना दोडव्वा रस्त्यात थांबली. ती विचार करत होती. तिचा विचार चेहऱ्यावर यायचा, शिवण चुकल्यावर यायचा तसा.

"नंदे, ती तोंड बगत न्हाय गं," ती म्हणाली. "पाय बगती."

ती पुढं म्हणाली, "तू आज फाटकाच्या बाजूला हुबी व्हतीस, तोंडावर पदर घेतलेला, उनासाठी. तरी धावली. रोज खाली वाकून येती, बगितलंस का? तिला तुज्या चपला ठावं हायत. उद्या तुज्या चपला मला दे."

मी म्हणाले, काहीतरीच. पण दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या चपला घातल्या. एक नंबर लहान होत्या, तिच्या टाचा मागं बाहेर लोंबत होत्या. मी तिच्या चपला घातल्या आणि रसवंतीच्या मागे उभी राहिले, जिथून फाटक दिसतं पण फाटकातून मी दिसत नाही. घंटा झाली. मुलं आली. मंगल नेहमीसारखी वाकून, बायकांच्या पायांमधून बघत आली. पायच पाय, पैंजण, जोडवी, स्लिपर, एक-दोन बूट. माझ्या चपलांपाशी आली आणि थांबली. टाचांकडे बघितलं. मग वर बघितलं, बराच वेळ. दोडव्वानं पाय जरा पुढे केला. मंगलनं तिचं बोट धरलं. दोघी निघाल्या, दोडव्वा टाचा सांभाळत, मंगल खाली बघत. रसवाल्यानं मला विचारलं, ग्लास देऊ का. मी द्या म्हणाले आणि तो रस उभ्यानं संपवला.

इतके दिवस मला वाटत होतं, की ती माझी वाट बघते. तिनं माझं ऐकलं होतं, एवढंच. मी चपला सोडून कुठं जात नाही, असं मीच तिला सांगितलं होतं. तिनं चपला धरून ठेवल्या. मूल सांगितलेलं शिकतं. आता वॉर्डात नवीन मुली विचारतात, सिस्टर, लहान मुलांना इंजेक्शनआधी खोटं सांगितलं तर चालेल का. मी नाही म्हणते. कारण विचारलं तर कामाला लावते.

मिरजेला मी दोडव्वाच्या चपलांत गेले. चालताना त्या फटक फटक वाजायच्या. माझ्या तिथंच राहिल्या, कारण फाटकात त्या लागणार होत्या. निघताना मंगल शाळेत होती, तसं आम्ही ठरवलं होतं. स्टेशनवर दोडव्वा आली नाही, तिला शाळा सुटायच्या वेळी फाटकात जायचं होतं. अप्पांना भेटायला दुधनीला गेले नाही. गाडी उलट्या बाजूची होती, हे कारण होतं.

हॉस्टेलवर मला तीन महिन्यांत दोडव्वाची दोन पत्रं आली, दोन्ही नरसम्माच्या मुलीनं लिहिलेली. मंगल रोज येते. मंगलला ताप होता, उतरला. शाळेच्या बाई ठीक म्हणतात. समितीनं मंगलला ठेवायचं ठरवलं. चपलांबद्दल काही नव्हतं आणि मी विचारलं नाही.

दिवाळीला चार दिवस सुट्टी मिळाली. मी काळ्या रंगाचे नर्सिंगचे बूट घालून गेले, दोडव्वाच्या चपला झिजून गेल्या होत्या आणि दुसरं पायात घालायला काही नव्हतं. बोळात शिरले तर नरसम्माचे माग चालू होते. आमच्या दारात मंगल बसली होती, केस वाढलेले, दोन छोट्या वेण्या घातलेल्या. माझ्याकडे बघून हसली. "अव्वा, ताई आल्या," तिनं आत सांगितलं. अव्वा. मी दारात उभी राहिले. आत खोक्यावर तिच्या नव्या सँडल होत्या आणि दोडव्वाच्या, बाजारातून आणलेल्या नव्या, तिच्या मापाच्या. माझ्या जुन्या तिथं नव्हत्या. नंतर दोडव्वानं सांगितलं की दसऱ्याच्या सुमारास पट्टा तुटला, त्या टाकून दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी मंगल नुसती तोंड बघूनच आली.

मी बूट काढले आणि सवयीनं उंबऱ्याच्या आत, खोक्याकडे पाय टाकला. मंगलनं ते माझ्या हातातून घेतले. व्यवस्थित मुलगी होती, मीच शिकवलेली. दोन्ही हातांत धरून ती बाहेर गेली आणि पायरीच्या कडेला ते ठेवले, जोडून, तोंडं रस्त्याकडे. मग मला वाट दाखवायला बाजूला सरकली आणि म्हणाली, या ना आत.

दोडव्वा मशीनवरून उठली होती. तिला ते दिसलं आणि ती बूट आणायला वाकली. मी तिच्या हाताला धरलं. राहू दे, म्हणाले, चार दिवसांसाठी तर आलेय. कुत्री नेतील, ती म्हणाली. नेऊ देत, म्हणाले, आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या घेतला.